स्कीची पारख

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, केळी-कपाशीच्या काळ्या मुलखात वसलेल्या हिवरखेडसारख्या गावी बसून बर्फावरून घसरत जाण्याच्या क्रीडेविषयी, आणि त्यातही स्त्रियांनी वापरावयाच्या स्कीविषयी, सविस्तर लिहावे याचे पुष्कळांस नवल वाटेल. कारण ज्या अकोला जिल्ह्यात वैशाखातला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे हिमाचा संबंध फार तर भूगोलाच्या पुस्तकापुरता येतो. परंतु या भागातून शेगाव, अमरावती आणि पुणे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वाटेने ज्या मुली बाहेर पडल्या, त्यांपैकी काही आज कोलोरॅडोत किंवा कॅनडातील कॅल्गरीत संसार थाटून आहेत. तेथील दीर्घ हिवाळ्यात त्या स्कीइंग शिकल्या आणि शिकता शिकता इतक्या तरबेज झाल्या, की दुकानातून भाड्याने मिळणारी स्की त्यांना आता अपुरी वाटते. माझी पुतणी त्यांपैकीच एक. गुलमर्गला पुन्हा जाण्याची तिची तजवीज ठरल्यावर नवी स्की कोणती घ्यावी याविषयी आम्हा काका-पुतणीत जी दीर्घ मसलत झाली, आणि त्या निमित्ताने जे वाचन घडले, त्यातून हाती आलेला तपशील तिच्यासारख्या इतर मुलींच्याही उपयोगी पडावा, या हेतूने येथे मांडीत आहे.

आपल्या देशात ही क्रीडा अगदीच परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. गुलमर्ग येथे १९२७ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब स्थापन केला. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, तेथेच लष्कराचे स्कीचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि पुढे नागरिकांसाठीही सरकारी संस्था निघाली. १९८८ च्या कॅल्गरी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार यांनी स्लालम शर्यतीत भाग घेतला आणि ती पूर्ण करून अठ्ठाविसावा क्रमांक मिळविला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूर यांनी जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे कांस्यपदक मिळविले, आणि आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक ठरले. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा भरू लागल्या. त्यांत महाराष्ट्राचेही पथक असते. म्हणजे समुद्रकाठच्या आणि पठारावरच्या मुलींनी बर्फावर उतरण्याची रीत आता रुजली आहे. त्यांना साधन कसे पारखावे हे सांगणारे लेखन मात्र मराठीत माझ्या पाहण्यात आले नाही.

स्कीची निवड पर्वतापासून सुरू करावी लागते, म्हणून गुलमर्गच्या पर्वताची ओळख आधी करून घेऊ. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथून गंडोला, म्हणजे दोरावरून जाणारा पाळणा, प्रथम कोंगडोरीपर्यंत आणि तेथून दुसऱ्या टप्प्यात अफरवत शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर, नेऊन सोडतो. समुद्रसपाटीपासून चिखलदऱ्याची जी सगळी उंची आहे, तिच्याहून अधिक उतार एका दमात पायाखाली येतो, आणि या उतारात बर्फाचा स्वभाव जागोजागी पालटतो. माथ्याच्या धारेवर वाऱ्याने थापून टणक केलेला बर्फ असतो; त्याखालच्या मोठ्या खोलगटीत, नवी हिमवृष्टी झाली असेल तर, मांडीपर्यंत पाय रुतावा असा कोरडा, हलका भुगा असतो; खाली सूचिपर्णी वृक्षांच्या रानात तोच भुगा सावलीने चार दिवस टिकतो; आणि मार्चमध्ये उन्हाने दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कठीण व दुपारी लापशीसारखा होतो. यंत्राने दाबून सपाट केलेल्या वाटा येथे थोड्या आहेत. त्यातच अलीकडे हिमवृष्टीचा भरवसा राहिलेला नाही: जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बराच काळ उघडी पडली होती, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलाव्या लागल्या. अशा ठिकाणी केवळ गाढ भुग्यासाठी किंवा केवळ टणक उतारासाठी घडविलेली स्की निम्मा वेळ निरुपयोगी ठरते.

या अडचणीवरचा तोडगा म्हणून जी जात पुढे आली, तिला ऑल-माउंटन म्हणतात. पर्वताच्या सर्व अंगांवर, सर्व प्रकारच्या बर्फावर, एकाच जोडीने निभावून नेणे हा तिचा धर्म. तिच्यामागे पुष्कळ जणांची बुद्धी खर्ची पडली आहे. मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद अशी कमरेची स्की एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नॉर्हाइम यांनी रूढ केली. १९५० साली अमेरिकेत हॉवर्ड हेड यांनी लाकडाच्या गाभ्याला धातूचे पत्रे जोडून स्की बनविली. १९९० नंतरच्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कारखान्याने कमरेचा हा घाट इतका खोल केला, की धारेवर नुसती कलती केली तरी स्की आपोआप वळू लागली. आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी शेन मकॉन्की यांच्या कल्पनेतून उलट्या कमानीची स्की निघाली, जिच्यामुळे खोल भुग्यात टोक बुडेनासे झाले. आजची ऑल-माउंटन स्की ही या चारही कल्पनांची तडजोड आहे. आणि तडजोड कोणत्या बाजूला किती झुकलेली असावी, हेच ग्राहकाने ठरवावयाचे असते.

पुतणी गेल्या हिवाळ्यात गुलमर्गहून परतताना आपली जुनी जोडी आमच्या घरी ठेवून गेली, ती ओसरीत भिंतीशी उभी आहे. तिच्याकडे नीट पाहिले म्हणजे कारखानदाराची सगळी भाषा उलगडते. शेपटीजवळ बारीक अक्षरांत १२४-७८-१०८ असे तीन आकडे छापले आहेत. ते अनुक्रमे शेंड्याची, कमरेची आणि शेपटीची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. त्यांच्या शेजारी १५६ हा लांबीचा आकडा सेंटिमीटरमध्ये आहे, आणि १३ मीटर हा वळणाच्या त्रिज्येचा आकडा. म्हणजे धारेवर कलती ठेवून सोडली तर ही स्की साधारण तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात फिरू पाहील. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या, तर मध्यभागी बोटभर फट राहते: ती कमान. वर उभे राहिलेल्या माणसाच्या वजनाने ती कमान दबते आणि स्कीची सगळी लांबी बर्फाला घट्ट धरते. शेंड्याकडे मात्र दोन्ही तळ पुन्हा लवकर विलग होतात. जितके लवकर विलग होतील तितका रॉकर, म्हणजे उलटी कमान, अधिक, आणि तितके टोक भुग्यावर तरंगणारे पण टणक बर्फावर पकड कमी करणारे. तळ काळ्या पॉलिथिलीनचा आहे, त्यावर मेण चढवितात. दोन्ही कडांना पोलादाची बारीक धार बसविली आहे, आणि डाव्या स्कीच्या तळावर एका ठिकाणी खोल ओरखडा पडून आतला थर दिसतो. अफरवतच्या खालच्या अंगाला, पातळ बर्फाखाली दडलेल्या दगडाची ती निशाणी. गुलमर्गला जाणाऱ्याने तळाची आणि धारेची जाडी विचारून घ्यावी, असे या ओरखड्यावरूनच मी सांगतो.

हीच ७८ मिलिमीटर कमरेची जोडी कोलोरॅडोच्या दाबलेल्या उतारांवर पुतणीला उत्तम चालत असे. अफरवतच्या खोल भुग्यात मात्र ती बुडाली, शेंडा वर काढण्यासाठी सगळा भार मागे घ्यावा लागला, आणि दोन दिवसांत मांड्या भरून आल्या. रुंदीचे गणित वऱ्हाडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. जमिनीचा ओलावा आणि बैलजोडीचा दम पाहून तो वखराची पास रुंद की अरुंद हे ठरवितो, आणि दोहोंपैकी एकाकडे दुर्लक्ष केले तर काम बिघडते. स्कीच्या बाबतीत बर्फ ही जमीन आणि स्त्रीचे स्वतःचे पाय हा दम. कंबर ८० ते ८८ मिलिमीटर असली, तर टणक उतारावर एका धारेवरून दुसऱ्या धारेवर जाणे झटपट होते. १०५ च्या पुढे गेली, तर भुग्यात सुख, परंतु कठीण बर्फावर धार टेकविण्यासाठी गुडघ्याला प्रत्येक वळणात अधिक जोर सोसावा लागतो, कारण पायाच्या मध्यरेषेपासून धार तितकी दूर गेलेली असते. गुलमर्गसाठी, आणि एकच जोडी बाळगणाऱ्या तरबेज स्त्रीसाठी, ९४ ते ९८ मिलिमीटर ही रुंदी मला सर्वांत रास्त वाटते. जिचा बहुतेक हिवाळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बर्फाळ, कठीण उतारांवर जातो, तिने ८८ च्या आसपास थांबावे.

लांबीविषयी दुकानात एक जुना संकेत चालतो, की हनुवटीपर्यंत आली म्हणजे पुरे. शिकाऊ मुलीला तो ठीक आहे. तरबेज स्त्रीने तो मानू नये. आखूड स्की लवकर वळते, परंतु वेग वाढला की थरथरते आणि भुग्यात तिला पृष्ठभाग पुरत नाही. शिवाय रॉकर असलेल्या स्कीची बर्फाला टेकणारी लांबी छापील आकड्यापेक्षा कमीच असते. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या, सर्वसाधारण वजनाच्या, वेगाला न भिणाऱ्या स्त्रीने १६४ पासून १७२ पर्यंतची लांबी विचारात घ्यावी. वजन कमी असेल किंवा झाडांतून आखूड वळणे घेण्याची आवड असेल, तर खालचा आकडा, आणि मोकळ्या खोलगटीत लांब, वेगवान वळणांची आवड असेल तर वरचा. येथे वजनाला उंचीपेक्षा अधिक मान आहे. कारण कमान दाबणारे वजनच असते, उंची ही केवळ त्याची एक अंदाजी खूण.

आता मुख्य बाब. ‘स्त्रियांसाठी’ असा शिक्का असलेली स्की घ्यावी की न घ्यावी? याचे उत्तर देताना शरीराची वस्तुस्थिती नाकारून चालत नाही आणि शिक्क्यावर विसंबूनही चालत नाही. स्त्रीचा गुरुत्वमध्य सामान्यतः पुरुषापेक्षा खाली असतो, पोटरीचा स्नायू पायावर अधिक खालपर्यंत येतो, आणि समान उंचीच्या पुरुषाहून तिचे वजन बहुधा कमी असते. त्यामुळे पुरुषाच्या वजनाने दबावी म्हणून घडविलेली ताठ स्की तिच्या पायाखाली पुरती वाकत नाही, आणि न वाकणारी स्की वळत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जीनी थोरेन या बाईंनी हे दुखणे ओळखून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारी कळ, नेहमीच्या जागेपेक्षा पुढे बसविण्याचा आग्रह धरला, आणि वर्षानुवर्षे गावोगाव फिरून स्त्रियांच्या साधनांत दुरुस्ती करून दाखविली. त्यांची मागणी साधन शरीराला जुळते करावे ही होती. परंतु कारखानदारांपैकी पुष्कळांनी तिचा सोयीस्कर अर्थ लावला: पुरुषांचाच नमुना घ्यावा, लांबी कमी करावी, आतला धातू काढून टाकावा, वर फुलांची नक्षी छापावी, आणि ती स्त्रियांची स्की म्हणून विकावी. शिकाऊ स्त्रीला त्याची झळ लागली नाही. तरबेज स्त्रीला मात्र लागली, कारण तिच्या वेगाला आणि तंत्राला पेलेल अशी स्की दुकानात स्त्रियांच्या फळीवर ठेवलेलीच नसे, आणि पुरुषांच्या फळीवर तिच्या लांबीची मिळत नसे.

सुदैवाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही स्थिती पालटली आहे. ब्लिझार्डची ब्लॅक पर्ल, नॉर्डिकाची सांता आना, फोल्कलच्या केन्या आणि सीक्रेट या स्त्रियांसाठीच्या मालिका तरबेज स्त्रियांना गृहीत धरून घडविलेल्या आहेत. सांता आना ही पुरुषांच्या एनफोर्सरची आणि सीक्रेट ही मँट्राची जोडीदार मानली जाते, आणि दोन्हींत धातूचा वापर आहे. हा धातू म्हणजे टायटॅनल नावाचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू. त्याचे पातळ पत्रे लाकडी गाभ्याला चिकटविले, की स्की पिळली जात नाही आणि कठीण बर्फावरील थरथर शोषली जाते. त्याबरोबर वजन आणि ताठपणा वाढतो. म्हणून काही कारखाने पूर्ण पत्र्याऐवजी धारेच्या कडेने धातूची चौकट किंवा मधे एक पट्टी बसवितात. साठ किलोच्या आसपास वजन असलेल्या, कठीण उतारावर धार कापीत जाणाऱ्या स्त्रीला थोडा धातू हवाच, असे माझे मत या सगळ्या वाचनानंतर आणि पुतणीच्या अनुभवानंतर बनले आहे. पन्नासच्या आत वजन असेल, किंवा भुग्याची आणि झाडांची आवड अधिक असेल, तर नुसत्या लाकडाची हलकी स्की अधिक सुख देईल. दुकानात परीक्षा करावयाची तर एका हाताने शेंडा धरून व दुसऱ्या हाताने मध्य दाबून ती किती वाकते हे पाहावे, आणि मग शेंडा पिळून पाहावा. वाकावी सहज आणि पिळली जाऊ नये कष्टानेही, हा तरबेज स्त्रीच्या स्कीचा उत्तम गुण. शिक्का कोणताही असो, तुमच्या लांबीत असा गुण पुरुषांच्या फळीवर सापडला तर ती बेलाशक घ्यावी.

दुकानदाराशी बोलताना आपला दर्जा कमी करून सांगण्याची स्त्रियांना सवय असते, आणि तिचे फळ त्यांना पायाखाली भोगावे लागते. ‘मला बरे येते’ एवढे सांगितले, की मध्यम प्रतीची मऊ स्की पुढे येते. त्यापेक्षा खुणा सांगाव्यात: सर्वांत तीव्र दाबलेल्या उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून धारेने वळते, उंचवट्यांच्या उतारावरून न थांबता उतरते, न दाबलेल्या बर्फात स्वतःची वाट काढते. एवढा तपशील ऐकल्यावर जाणता विक्रेता आपोआप दुसऱ्या फळीकडे वळतो. शक्य तेथे एक दिवस भाड्याने तीच स्की वापरून खातरजमा करावी. मोठ्या स्की-गावांतून अशी मुभा असते, आणि खरेदी केली तर भाडे वळते करून देणारी दुकानेही आढळतात.

स्कीइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष बुटांकडे द्यावयास हवे. कारण पायाचा हुकूम स्कीपर्यंत पोहोचतो तो बुटातून. बुटाचे माप पायाच्या सेंटिमीटरमधील लांबीवर असते. आतली रुंदी साधारण ९७ ते १०२ मिलिमीटरच्या दरम्यान, आणि ताठपणाचा आकडा तरबेज स्त्रियांसाठी सुमारे ९० ते ११५. हा आकडा एका कारखान्याचा दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून त्यावर अंधपणे विसंबू नये. बूट पायात घालून, पुढे दाब देऊन, पोटरीभोवती कड रुतते की काय हे पाहावे. पोटरी खालपर्यंत येत असल्यामुळे स्त्रियांच्या बुटांची कड थोडी खाली आणि रुंद केलेली असते, आणि येथे मात्र स्त्रियांचा शिक्का बहुधा खरा उपयोगी पडतो. बुटाचा तळ आणि बाइंडिंग एकमेकांशी जुळतात की नाही, हेही विचारावे. ग्रिपवॉक जातीच्या गोलसर तळाचा बूट जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाही.

बाइंडिंगची सोड, म्हणजे पडताना बूट किती जोराने सुटावा हे, वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि खेळण्याची रीत यांवरून आंतरराष्ट्रीय कोष्टकाने ठरते. ते काम तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे. बाइंडिंग नडगीचे हाड वाचविते, गुडघ्याला मात्र पुरता आधार देत नाही. स्कीवरील अपघातांच्या अभ्यासांत वारंवार असे दिसून आले आहे, की गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटण्याचा धोका हौशी स्त्रियांना पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असतो. म्हणून गरजेपेक्षा रुंद, गरजेपेक्षा ताठ किंवा बोथट धारेची स्की घेऊन गुडघ्यावर जादा भार टाकू नये, आणि हंगामाआधी दोन-तीन महिने मांड्यांच्या पुढील व मागील स्नायूंना व्यायाम द्यावा. गंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून नियंत्रित हद्दीबाहेर उतरावयाचे असेल, तर ही सगळी पारख दुय्यम ठरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवर हिमकडा कोसळून दोन पोलिश पर्यटक दगावले. शोधयंत्र, शोधकाठी आणि फावडे यांवाचून, तसेच जाणत्या वाटाड्यावाचून त्या हद्दीबाहेर पाऊल टाकू नये.

अमेरिकेत चांगली स्की सुमारे ६०० ते ९०० डॉलरना पडते, बाइंडिंग व बूट वेगळे. पुतणीने शेवटी धातूची चौकट असलेली, ९६ मिलिमीटर कमरेची, १७० सेंटिमीटर लांबीची जोडी मुक्रर केली, आणि माझ्या मते तिची निवड योग्य आहे. जिला एका हंगामात स्की आणि बूट हे दोन्ही खर्च पेलत नसतील तिने बुटाचे पैसे आधी बाजूला काढावेत, पायाला बसतील असे बूट घ्यावेत, आणि स्की त्या वर्षी भाड्याने वापरावी.